आठ हजार पावलं

विंचरणीचा दात ह्यांच्या तळपायात घुसला होता आणि दिवसभर ह्यांना पत्ता नव्हता. संध्याकाळी चप्पल काढायला गेले तर ती पायालाच चिकटलेली. "अगं, बघ तरी ह्या चपलेला काय झालंय," म्हणाले. मी दिवा जवळ घेतला. दोर वळायच्या आधी घायपाताच्या वाखाचे लांब तंतू ज्या काट्यांच्या फळीवरून ओढून सरळ करतात, तिचा बोटभर लांब लोखंडी काटा चपलेतून आरपार तळव्यात. मी चिमट्यानं ओढून काढला तेव्हा हे भिंतीवरच्या पालीकडे बघत बसले होते.

"दुखलं नाही?" मी विचारलं.

"कुठे काय?"

 लोखंड पायात जातं आणि माणसाला कळत नाही, म्हणजे तो पाय त्याचा राहिलेला नाही.

ह्यांना सगळे दोरवाले म्हणतात. घरामागे दोनशे पावलांची सरळ वाट आहे. तिच्या ह्या टोकाला चाक, आणि हे कमरेला वाख गुंडाळून दोर सोडत सोडत उलटे त्या टोकापर्यंत जायचे. मग परत. असं दिवसभर, तीस वर्षं. मला बघायला आले तेव्हा आधी माझ्या बहिणीनं ह्यांना कामावर बघून ठेवलं होतं. मला म्हणाली, "बाई गं, हा माणूस तुझ्याकडे येणार की तुझ्यापासून लांब जाणार, काही कळत नाही." आम्ही पोट धरून हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही.

मग वाटेच्या टोकाच्या शेडमध्ये मोटर आली. एक दोर वळायची, दुसरी वाख झोडायची. झोडणीचा दांडा वरखाली होतो, ठक ठक ठक, आणि हे बटण दाबून स्टुलावर बसतात. दोन वर्षांत पोट सुटलं, तिसऱ्या वर्षी साखर निघाली. पण हे कोणाला सांगायचं? मोटरनं दोर जास्त निघतो ना.

आमच्या गल्लीच्या डाव्या टोकाला दवाखाना आहे. तिथल्या नर्सबाई जिभेच्या फटकळ, पण हाताच्या हलक्या. सकाळी चहाआधीच ह्यांना नेलं. बाईंनी जखम धुतली, बोटातून रक्त काढलं, आकडा बघितला आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"दोनशे साठ. उपाशीपोटी. दोरवाले, साखरेचा कारखाना काढलाय का अंगात?"

हे हसले. बाई हसल्या नाहीत. मला समोर बसवलं आणि ताटाचं चित्र काढून दाखवलं. अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ नाहीतर उसळ, उरलेल्यात भात, तोही लहान वाटीनं एकच. साखर बंद, तळलेलं बंद. जखम भरली की रोज आठ हजार पावलं. आणि काडेपेटीएवढं एक यंत्र दिलं, कमरेला अडकवायचं. हललं की पाऊल मोजतं.

"बाई, मी जन्मभर चाललोय," हे म्हणाले. "हिच्या हातचं खाईन, आणि आठ हजार काय, दहा चालेन. शब्द."

"शब्द नको मला. साखर खाली आलेली दाखवा. नाहीतर आधी बोट जाईल, मग पाऊल." मग माझ्याकडे वळल्या. "आणि हे सगळं तुमच्या हातात आहे बरं का."

सगळं माझ्या हातात. हे वाक्य मी घरी घेऊन आले.

मी भाजी निवडायच्या शेडमध्ये कामाला जाते. सरकत्या पट्ट्यावरून भाजी येते, चांगली एका क्रेटमध्ये, दबलेली दुसऱ्यात. सकाळी आठ ते पाच उभं राहायचं. दबलेली भाजी बायका घरी नेतात. आधी मी बटाटे न्यायचे, आता पालेभाजी, कारली, दुधी, घेवडा, काकड्या. पहाटे साडेचारला उठून मटकी नाहीतर चवळी शिजत टाकायची. फोडणीला एकच चमचा तेल, मोजून. पीठ कोंड्यासकट. भाजी इतकी नाही शिजवायची की तिचा लगदा होईल, हे बाईंनी सांगितलेलं, तर मी झाकण काढून चुलीसमोर उभीच राहायची. ह्यांना चावायला कंटाळा येतो म्हणून काकडी किसायची, तर बाई म्हणाल्या किसू नका, चावू दे. मग पुन्हा तुकडे.

आणि हो, जे ह्यांना तेच मला. एका घरात एक माणूस कारलं खातोय आणि दुसरं साखर घालून चहा पितंय, हे मला नाही जमत. साखरेचा डबा मी स्वतः वन्संच्या घरी नेऊन दिला.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. आमच्या उजव्या हाताला त्यांचं दार. नवरा गेल्यापासून ह्यांच्या शेडमध्येच वाख विंचरतात, जेवतात स्वतःच्या घरी. डबा घेताना म्हणाल्या, "गायीगुरांना घालतेस तसं घालतेस माझ्या भावाला. नुसता पाला."

"पाय राहिला पाहिजे ना, वन्सं."

"तोंड बघ त्याचं. कसं सुकलंय."

मी ऐकून घेतलं. थोरल्या आहेत. बोलून मोकळ्या होतील, म्हटलं.

तीन आठवड्यांत जखम भरली आणि चालणं सुरू झालं. मी कामावर असताना दुपारी हे मागच्या वाटेवर चालणार, जुन्या सवयीनं उलटं, असं ठरलं. संध्याकाळी मी आले की हे दारातच उभे. खांद्यावर ओला टॉवेल, हात पुढे, हातात ते यंत्र.

"वाच."

"आठ हजार दोनशे! अहो, काय सांगता!"

"मग? म्हातारा झालो असं वाटलं का तुला?"

मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. रोजच्या वारापुढे हजाराला एक रेघ. रोज आठ रेघा, कधी नऊ. रात्रीचं जेवण वाढताना त्या रेघांकडे बघितलं की मला दिवसभराच्या उभ्या राहण्याचं काही वाटायचं नाही. ह्यांचा टॉवेल मी रोज धुवायची. त्याला घामाचा वास कमी आणि भिजवलेल्या वाखाचा जास्त यायचा. येणारच, म्हटलं, शेडमध्येच असतो. माझ्यासारखी अक्कलशून्य बाई शोधून सापडायची नाही.

मी बारीक झाले. भाजीच्या शेडमधल्या बायका चिडवायच्या. "काय गं, नवऱ्याला साखर आणि उतरतेस तू?" एकजण म्हणाली, "हिचा नवरा चालतो आणि घाम हिला येतो." सगळ्या हसल्या, मीही हसले. हे मात्र उतरले नाहीत. मी म्हटलं, पुरुषाचं अंग, वेळ लागतो.

तीन महिन्यांनी दवाखान्यात गेलो. मी मुद्दाम डब्यात त्या दिवशीचं जेवण नेलं होतं, बाईंना दाखवायला. शाबासकी हवी होती मला. खोटं कशाला बोलू.

बाकावर पंधरा-वीस माणसं. बाईंनी रक्त काढलं, आकडा बघितला, पुन्हा रक्त काढलं.

"तीनशे दहा."

मला वाटलं, यंत्र बिघडलं. बाईंनी ह्यांचा पाय वर घेतला. अंगठ्याशेजारचं बोट काळपट झालं होतं. घरी मी रोज तेल लावायची, मला वाटलं चपलेचा रंग लागला असेल.

"काय खायला घालता हो तुम्ही ह्यांना?" बाई मला म्हणाल्या. मोठ्यानं. बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली.

मी डबा उघडला. "हे बघा ना बाई. रोज हेच. तुम्ही सांगितलं तसंच."

"दवाखान्यात यायच्या दिवशी सगळेच असा डबा आणतात. बाई, मी वीस वर्षं हेच बघतेय. इथं मला फसवाल, रक्ताला कसं फसवाल? एक महिना. महिन्याभरात खाली आलं नाही तर बोट काढायला मोठ्या दवाखान्यात पाठवेन. आणि ते पाप कोणाचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

 मी ह्यांच्याकडे बघितलं. बोला ना, म्हटलं मनात. एवढंच म्हणा, की बाई, ही करते सगळं. हे आपल्या पायाच्या बोटांकडे बघत बसले होते. मला वाटलं, बिचारे घाबरले. मी डब्याचं झाकण लावलं. ते लवकर लागेना.

घरी येऊन मी भाताची वाटी बदलली. त्याहून लहान वाटी घेतली. फोडणीचं चमचाभर तेलही अर्धं केलं. रात्री अंथरुणात पडून दिवसभरातला घासन् घास आठवायची, की माझं कुठं चुकलं. दुधीत साखर असते का? चवळीत असते का? शेडमध्ये एकीला विचारलं, ती म्हणाली, काकडीत पण असते म्हणे. मी काकडी बंद केली. ह्यांना म्हटलं, "अहो, रागावू नका, पण थोडं आणखी चाला. नऊ हजार करा." हे म्हणाले, "करतो." आणि दुसऱ्या दिवशी नऊ हजार चारशे.

मग त्या आठवड्यात वीज गेली. शेडचा पट्टा बंद पडला, मुकादमानं बायकांना अकरालाच घरी पाठवलं. घरी आले तर हे खाटेवर. "गुडघा धरलाय," म्हणाले. यंत्रावर दोनशे साठ पावलं. मी तेल गरम केलं आणि दुपारभर गुडघा चोळत बसले. दुसऱ्या दिवशीही वीज नाही, गुडघा धरलेलाच. तिसऱ्या दिवशी वीज आली आणि गुडघा सुटला. संध्याकाळी नऊ हजार शंभर.

कोळसा घेऊन भिंतीपाशी उभी राहिले आणि रेघ ओढता ओढता हात थांबला. दोन दिवस कोरे. मी मागे बघत गेले. महिन्यापूर्वी एक दिवस कोरा. तो दिवस मला पक्का आठवत होता, त्याही दिवशी मुकादमानं आम्हाला घरी पाठवलं होतं. त्याच्या आधी आणखी एक. तोही तसाच. भिंतीवर जिथं जिथं रेघा नव्हत्या, तिथं तिथं वीज नव्हती.

माणसाच्या पायाला वीज कशाला लागते?

मी रेघा पूर्ण केल्या, नऊ. ताट वाढलं. हे जेवले.  खरं सांगू? मला वाटत होतं मीच पापी, नवऱ्यावर संशय घेतेय. रात्रभर देवाला म्हणत होते, मला खोटी पाड.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुकादमाला सांगितलं, पोट दुखतंय, आणि निघाले. मागच्या वाटेनं आले. त्या वाटेवर गवत वाढलं होतं. घोट्याइतकं, सरळ, कुठं दबलेलं नाही. तीन महिने रोज आठ हजार पावलं जिथं पडत होती, तिथं.

शेडचं दार उघडं होतं. झोडणीचा दांडा वरखाली होत होता, ठक ठक ठक, खाली वाख नव्हताच. दांड्याला ते यंत्र बांधलेलं. आणि कशानं बांधलं होतं माहीत आहे? ह्यांनी स्वतः वळलेल्या बारीक, तीन पदरी दोरीनं. इतकी सुबक दोरी ह्यांनी कित्येक वर्षांत वळली नव्हती. खोट्यासाठी केवढी कारागिरी.

हे वाखाच्या ढिगाला टेकून पाय पसरून बसले होते. वन्सं बशीत चहा ओतत होत्या. मध्ये पत्र्याचा डबा उघडा, माझाच, साखरेचा. शेजारी दुधात शिजवलेल्या गोड भाताचं पातेलं आणि ह्यांच्या हातात चमचा. पाण्याच्या टाकीच्या काठावर टॉवेल भिजत पडला होता.

ह्यांनी मला बघितलं. आणि पहिली नजर माझ्याकडे नाही, त्या दांड्याकडे गेली.

"आलीस का?" वन्सं म्हणाल्या. "बस. चहा घेतेस?"

मी जाऊन बटण बंद केलं. एकदम शांत झालं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"अगं, बस तरी आधी..."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून," हे म्हणाले. अगदी हळू. "पहिले दोन दिवस चाललो. मग... भूक लागायची गं. तुझ्या जेवणानं पोट भरतं, मन नाही भरत."

"मग मला सांगायचंत."

"तू एवढं करत होतीस. तोंड नव्हतं सांगायला."

"खायला तोंड होतं!"

मी ओरडले. आयुष्यात कधी ह्यांच्यावर ओरडले नव्हते. वन्सं उठल्या. "माझ्या भावाला दोन घास दिले तर एवढा आकांत? भाऊ आहे तो माझा. त्याचं सुकलेलं तोंड मला बघवत नाही."

"त्याचं बोट काळं पडलंय, वन्सं. ते बघवतं?"

 वन्संनी बशी विसळायला घेतली.

गुडघा आठवला मला. दोन दुपारी मी तो चोळला होता, माझे स्वतःचे पाय उभं राहून सुजलेले असताना. आणि बाकावरची ती पंधरा-वीस माणसं. आणि झाकण न लागणारा डबा.  मी ह्यांच्यासमोर बसले.

"मला तुमच्याकडून माफी नको," मी म्हटलं. "एक करा. नर्सबाईंसमोर, बाकावर माणसं असताना, सांगा. की हिनं बरोबर घातलं, मी बाहेर खाल्लं. तुमच्या तोंडानं. मी सांगितलं तर ती चुगली होईल."

"सांगतो," हे म्हणाले. "तुझी शपथ, सांगतो."

पुढच्या मंगळवारी गेलो. बाईंनी बोट बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली. आता औषधपाण्यानं भागणार नव्हतं. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिता लिहिता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगितलं होतं ना मी? काय चाललंय तुमच्या घरात?"

बाक भरलेला होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घसा साफ केला. 

"काय आहे बाई," हे म्हणाले, "ही दिवसभर कामावर असते. घरी बघायला कोणी नसतं."

एवढंच. बाईंनी मान हलवली, बाकावरची एक म्हातारी चुकचुकली. माझ्या पिशवीत ते यंत्र होतं, त्या तीन पदरी दोरीसकट. हात पिशवीत गेला आणि तसाच राहिला. शेडमध्ये फसवलं ते भुकेनं फसवलं, असं तरी म्हणता आलं असतं. इथं कसली भूक होती?

बोट काढलं. वीस दिवसांनी हे काठी घेऊन घरी आले. लोक बघायला यायचे, जाताना मला म्हणायचे, "आता तरी नीट लक्ष दे बाई." वन्सं दारात उभ्या राहून डोळे पुसायच्या. मी पहाटे साडेचारला उठत होतेच. चवळी, पालेभाजी, लहान वाटीभर भात. कारण पाय अजून होता आणि तो जायला नको होता. रागावून मी कोणाचा पाय नाही जाऊ देणार. पण भिंत मी पुसून टाकली. ओल्या फडक्यानं पुसली तर सगळीकडे काळं पसरलं, मग चुना लावला.

एक दिवस मी रजा घेतली. ह्यांचा ड्रेसिंगचा दिवस होता. बाईंनी सांगितलं होतं, काठी घेऊन स्वतः चालत यायचं, तेवढं चालणं हवंच. मी ताट वाढलं, झाकून ठेवलं आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले.

"आज मी सोबत येत नाही. तुम्ही जा. ड्रेसिंग करा आणि सांगून या. बाकावर कोणी नसलं तरी चालेल. नुसतं बाईंना सांगा. मी ताट झाकून बसते. तुम्ही आलात की दोघं जेवू, आणि हा विषय ह्या घरात पुन्हा निघणार नाही."

"आत्ताच?"

"आत्ताच."

"अगं, एकदा बोट गेलं ते गेलं. आता सांगून काय होणार?"

"माझं होणार आहे," मी म्हटलं.

ह्यांनी पायाची पट्टी नीट केली. मग उठले. मी काठी हातात दिली. चप्पल घालायला मदत केली, आत हात फिरवून बघितला, काटा-खडा नाही ना. दारापर्यंत सोडलं. माझ्या मनात आलं, जातील. एवढ्या वर्षांचा संसार आहे, जातील. जखमेच्या भीतीनं जपून पाऊल टाकत हे फाटकापर्यंत गेले आणि थांबले.

डावीकडे दवाखाना. तीनशे पावलं असतील. नर्सबाईंच्या खिडकीचा हिरवा पडदा आमच्या फाटकातून दिसतो.

ह्यांनी डावीकडे बघितलं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "उद्या जातो गं," म्हणाले, "आज जरा ठणकतंय." आणि उजवीकडे वळले.

मी दारातून मोजत होते. सवय लागली होती मोजायची. काठी, पाय, काठी, पाय. वन्संनी आतून दार उघडलं, हात धरून ह्यांना पायरी चढवली आणि दार लोटलं. बेचाळीस पावलं. इतक्या महिन्यांत मी स्वतः मोजलेली खरी पावलं तेवढीच.

मी आत आले. ताटावरचं झाकण काढलं. भाजी अजून गरम होती. पाटावर बसले आणि जेवायला लागले.